रुग्णालयाच्या नोंदींवरून अनावश्यक उपचार कसे मोजायचे आणि कमी कसे करायचे

प्रश्न थोडक्यात असा: जळगाव जिल्ह्यातलं ८० खाटांचं धर्मादाय रुग्णालय आहे. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये तीन वर्षांचा डेटा आहे, केस पेपर मात्र कागदावरच. गरज नसताना किती तपासण्या आणि औषधं होतात ते मोजून कमी करावं, असं विश्वस्तांना वाटतं. सुरुवात कुठून करायची?

सगळ्यात आधी एक ठरवून टाका. ‘आमच्याकडे इतके टक्के उपचार अनावश्यक’ असा एकच आकडा काढायचा नाही. तो काढता येत नाही आणि कुणी काढून दिला तर त्यावर काही करताही येत नाही. छातीत दुखतं म्हणून आलेल्या यावलच्या शेतकऱ्याचा ईसीजी अत्यावश्यक असतो. तोच ईसीजी डोळ्यात भुलीचे थेंब टाकून होणाऱ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी, कसलीही तक्रार नसलेल्या माणसाचा काढला तर त्याचा रुग्णाला उपयोग नसतो. तपासणी तीच, माणूस वेगळा. म्हणून प्रत्येक मोजमाप एका पूर्ण वाक्यात लिहून काढा: कोणते रुग्ण, त्यांना दिलेली कोणती सेवा, किती दिवसांच्या आत, आणि कोणाला वगळायचं. यातला एक जरी भाग तुमच्या नोंदीत सापडत नसेल तर ते मोजमाप तूर्तास बाजूला ठेवा, कितीही महत्त्वाचं वाटलं तरी.

पहिल्या वर्षी तीनच घ्या. ८० खाटांच्या रुग्णालयासाठी माझी पसंती अशी: स्वच्छ (म्हणजे आधीपासून संसर्ग नसलेल्या जागेवरच्या) शस्त्रक्रियेनंतर २४ तासांपुढे चालू राहिलेली अँटिबायोटिक्स, मोतीबिंदूआधीच्या तपासण्या, आणि ओपीडीत लावलेली सलाईन. प्रसूती विभाग मोठा असेल तर सिझेरियन चौथं, पण त्याची रीत निराळी आहे, ती पुढे सांगतो.

अँटिबायोटिक पहिलं का? एक तर त्याबद्दल शास्त्रात फारसा वाद उरलेला नाही. चीर देण्याआधी ६० मिनिटांच्या आत एक डोस, साधारणपणे सेफाझोलिन २ ग्रॅम, आणि ऑपरेशन चार तासांपुढे गेलं तर पुन्हा एक. ऑपरेशन संपल्यावर जंतुसंसर्ग टाळण्यासाठी म्हणून पुढे डोस चालू ठेवू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. आणि वॉर्डात प्रत्यक्षात काय चालतं? साध्या हर्नियानंतर सेफ्ट्रियाक्सोन १ ग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. म्हणजे १० वायल, १० सिरिंज, सिस्टरने १० वेळा औषध विरघळवून शिरेतून द्यायचं, आणि मध्ये सुईची जागा सुजली की नवी सुई. जोडीला मेट्रोनिडाझोलच्या १०० मिलीच्या बाटल्या रोज तीन. शिवाय सेफ्ट्रियाक्सोन हे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ‘वॉच’ गटातलं, म्हणजे जपून वापरायचं औषध. सेफाझोलिन ‘अ‍ॅक्सेस’ गटातलं.

दुसरं कारण पैशाचं आहे आणि ते विश्वस्तांसमोर उघडपणे मांडा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णाचं पॅकेज ठरलेलं असतं, त्यामुळे जादा औषधाचा खर्च रुग्णालयाच्याच खिशातून जातो. ते कमी झालं तर रुग्ण, रुग्णालय आणि सिस्टर तिघांचाही फायदा. तपासण्यांचं तसं नसतं. रोख भरणाऱ्या रुग्णाचा ईसीजी कमी झाला की उत्पन्न घटतं, वाचतो तो फक्त कागद, जेल आणि थोडा वेळ. ही घट किती होईल याचा हिशेब आधीच करून मंडळाकडून मान्य करून घ्या. नाहीतर तिसऱ्या महिन्यात अकाउंट विभागाकडून विचारणा येते आणि काम तिथेच थांबतं.

आता मोजायचं कसं. ओटी (ऑपरेशन थिएटर) रजिस्टरवरून यादी तयार करा: नियोजित हर्निया, हायड्रोसील, स्तनातली गाठ, थायरॉइड, लायपोमा. प्रत्येक ओळीत आयपीडी क्रमांक, ऑपरेशनची तारीख आणि वेळ, सर्जन, जखमेचा वर्ग (स्वच्छ, दूषित की संसर्ग झालेली). जखमेचा वर्ग बहुतेक ओटी रजिस्टरांत लिहिलेलाच नसतो. त्यासाठी आजच एक रकाना वाढवा आणि भूलतज्ज्ञांना तो भरायला सांगा. फुटलेलं अपेंडिक्स, गळू, मधुमेहाचा सडलेला पाय यांना दिलेलं अँटिबायोटिक हा उपचार आहे, प्रतिबंध नाही. ते इथे मोजायचं नाही. दाखल होतानाच दुसरा संसर्ग असलेले रुग्णही वगळा. उरलेल्यांपैकी किती जणांना ऑपरेशन संपल्यानंतर २४ तासांनीही अँटिबायोटिक चालू होतं, तो तुमचा अंश. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेल्या पाच दिवसांच्या गोळ्याही त्यात धरा. इंजेक्शन बंद होऊन गोळ्या सुरू झाल्या तर मोजमाप सुधारलेलं दिसतं, पण वापर तेवढाच राहतो.

इथेच बिलिंगचा डेटा सगळ्यात जास्त फसवतो. पॅकेजच्या रुग्णाला औषधं वेगळी बिल होत नाहीत, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये त्याचं अँटिबायोटिक शून्य दिसतं. विश्लेषण करणारा नवखा असेल तर ‘योजनेतल्या रुग्णांत वापर आदर्श आहे’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. रोखीच्या रुग्णाचं उलटं होतं: दाखल होतानाच मेडिकलमधून पाच दिवसांचं औषध एकदम निघतं, उरलेलं डिस्चार्जच्या दिवशी परत जातं. परतीची नोंद वेगळ्या तक्त्यात असते. ती वजा केली नाही तर वापर फुगतो. शिवाय नातेवाईक बाहेरच्या दुकानातून औषध आणतात, ते कुठेच येत नाही. बिलाची वेळ म्हणजे औषध दिल्याची वेळ नव्हेच. म्हणून या मोजमापासाठी बिलिंगवरून फक्त रुग्णांची यादी घ्या आणि खरा आकडा ट्रीटमेंट शीटवरून काढा. महिन्याला ४०-५० ऑपरेशनं असतील तर एक सिस्टर किंवा एक इंटर्न दोन दुपारांत ते काम उरकू शकतो.

मोतीबिंदूचं मोजमाप मात्र बिलिंगवरून बऱ्यापैकी निघतं. स्थानिक भूल किंवा थेंबांवर झालेली मोतीबिंदूची ऑपरेशनं घ्या आणि त्याआधीच्या ३० दिवसांत झालेले ईसीजी, छातीचा एक्स-रे, पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) शोधा. वगळायचे कोण: याच ३० दिवसांत हृदयरोगाच्या ओपीडीत गेलेले किंवा छातीत दुखणं-दम लागण्याच्या तक्रारीने आलेले, वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) घेणारे, आणि पूर्ण भूल दिलेले. रक्तदाब आणि मधुमेहींची साखर यात धरू नका; त्या मोजल्याच पाहिजेत. सर्जनला पुरावा हवा असेल तर २००० साली प्रसिद्ध झालेली मोठी चाचणी दाखवा. १९ हजारांहून जास्त मोतीबिंदू ऑपरेशनांत निम्म्यांना नेहमीच्या तपासण्या केल्या, निम्म्यांना नाही. गुंतागुंतीचं प्रमाण दोन्ही गटांत दर हजारी ३१ च्या आसपास, सारखंच राहिलं. आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून शिबिरांतून माणसं गाडी भरून आणतात. ईसीजीत काही किरकोळ बदल दिसला की त्या म्हाताऱ्याला ‘फिटनेस आणा’ म्हणून परत पाठवतात. तो पुन्हा येत नाही आणि आंधळाच राहतो. या तपासणीची खरी किंमत ती आहे, दोन-अडीचशे रुपये नव्हे. म्हणून याच यादीत एक जादा रकाना ठेवा: तपासणीमुळे ऑपरेशन पुढे ढकललं का, आणि पुढे ते झालं का.

सलाईनचं मोजमाप अवघड आहे, पण ते सोडू नका. खानदेशात अंगदुखी, थकवा, साधा ताप यासाठी सलाईन लावण्याची सवय खोलवर रुजली आहे, आणि तिची मागणी रुग्णाकडूनही तेवढीच होते. सहा तासांच्या आत घरी गेलेले, ज्यांना ५०० मिली किंवा जास्त द्रव शिरेतून दिला, ते सगळे यादीत घ्या. वगळा: सतत उलट्या, जुलाबाने कोरडे पडलेले, रक्तदाब वरचा ९० च्या खाली, शुद्धीवर नसलेले, सर्पदंश, विषबाधा, गरोदरपणातल्या न थांबणाऱ्या उलट्या. आणि दोन गोष्टी खास आपल्या भागासाठी. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो. केळीच्या बागेत किंवा वीटभट्टीवर काम करून आलेल्या उष्माघाताच्या रुग्णाला सलाईन वाचवते. दुसरं, नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यातले सिकलसेलचे रुग्ण: वेदनेच्या झटक्यात त्यांना तोंडाने पुरेसं पाणी जात नसेल तर शिरेतून द्यावंच लागतं. हे दोन गट वेगळे काढले नाहीत तर मे महिन्यात तुमचा आकडा उगाच वाईट दिसेल, आणि त्याहून वाईट म्हणजे एखादा ज्युनियर डॉक्टर आकड्याच्या धाकाने गरजूची सलाईन रोखेल.

अडचण अशी की केस पेपरवर निदान म्हणून ‘ताप’ किंवा ‘अशक्तपणा’ एवढंच असतं. जुन्या तीन वर्षांच्या डेटातून हे मोजमाप निघणार नाही, ते मान्य करा. ओपीडीच्या केस पेपरवर एक छोटा शिक्का बनवून घ्या: तोंडाने घेता येतं का, उलट्या किती, रक्तदाब. तीनच गोष्टी. सलाईन लावायला घेण्याआधी सिस्टरने तो भरायचा. शिक्का सुरू झाल्यापासूनचे तीन महिने हीच तुमची आधारपातळी, म्हणजे पुढची तुलना जिच्याशी करायची ती.

डेटा साफ करण्याबद्दल थोडं, कारण निम्मा वेळ तिथेच जातो. एक्सेलच्या एका पानात साडेदहा लाखांच्या आसपास ओळी मावतात. तीन वर्षांचं तपशीलवार बिलिंग त्याच्या पुढे गेलं तर खालच्या ओळी गळतात आणि लक्षातही येत नाही. वर्षवार फाइली काढा. तारखांत दिवस आणि महिना उलटतात: १२ मेची ५ डिसेंबर होते, आणि १३ तारखेपासून पुढच्या तारखा नुसता मजकूर म्हणून राहतात. महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांतच सगळ्या भरत्या दिसल्या तर हेच झालंय असं समजा. एकच तपासणी चार नावांनी असते: ईसीजी, ईकेजी, ईसीजी रिपोर्टसह, कार्डियाक प्रोफाइलमधला ईसीजी. शेवटचा प्रकार हमखास सुटतो. पॅकेज आणि प्रोफाइल फोडून त्यातल्या तपासण्यांचा वेगळा तक्ता करा.

रुग्ण जुळवणं हे आपल्याकडचं वेगळंच दुखणं. प्रत्येक भेटीला नवा क्रमांक पडत असेल तर ऑपरेशनआधीची तपासणी आणि ऑपरेशन दोन वेगळ्या माणसांचं दिसतं. नावावर जुळवायला जाल तर एका तालुक्यात सुनंदा पाटील आणि सुरेश महाजन डझनांनी निघतात. एकदा ‘सुनंदाबाई भास्कर पाटील’, पुढच्या वेळी ‘पाटील एस. बी.’ लिहिलेलं असतं. पिंप्री आणि वडगाव नावाची गावंही एकाहून जास्त. मोबाइल क्रमांक बहुधा मुलाचा, आणि त्याच क्रमांकावर आई-वडील दोघेही. म्हणून मोबाइल क्रमांक, लिंग, वय दोन वर्षं इकडे-तिकडे आणि गाव हे चारही जुळले तरच एक माणूस धरा. वय ३५, ४०, ६० वर ढिगाने साचतं आणि जन्मतारखा १ जानेवारीला. त्यामुळे ‘४० च्या आत गर्भाशय काढलेल्या स्त्रिया’ असं मोजमाप घ्याल तेव्हा बरोबर ४० लिहिलेल्या प्रत्येक केस पेपरची आधार कार्डाशी पडताळणी करा. हे मोजमाप घ्यावंच असं माझं मत आहे. या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या बाबतीत तो केवळ आकड्याचा विषय राहत नाही. पण तिथे आकड्यापेक्षा प्रत्येक केसचा कागद बघणं जास्त उपयोगाचं: आधी औषधोपचार करून पाहिले का, सोनोग्राफी आणि पेशी-तपासणी झाली का, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलं का.

कोणताही आकडा डॉक्टरांसमोर नेण्याआधी पडताळणी करा. डेटाने ‘अनावश्यक’ ठरवलेल्या रुग्णांतून चिठ्ठ्या टाकून ५० केस पेपर काढा आणि त्या विषयातल्या, पण त्या रुग्णांवर उपचार न केलेल्या डॉक्टरकडून वाचून घ्या. ५० पैकी ३८ खरंच अनावश्यक निघाले तर तुमची व्याख्या ७६ टक्के अचूक. ४० च्या खाली आलं तर, म्हणजे ८० टक्केही जमत नसतील तर, डॉक्टरवार आकडे काढू नका; विभागाचा एकत्र आकडा चालेल. वगळलेल्यांमधूनही ३० काढून बघा, काय सुटतंय ते कळतं. प्रत्येक मोजमापाच्या दोन व्याख्या ठेवा, एक सैल आणि एक कडक. अमेरिकेतल्या मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) २६ मोजमापांचं २०१४ साली प्रसिद्ध झालेलं विश्लेषण याचं चांगलं उदाहरण आहे: सैल व्याख्येने ४२ टक्के लाभार्थ्यांना वर्षभरात किमान एक कमी उपयोगाची सेवा मिळाली होती, कडक व्याख्येने २५ टक्के. डेटा तोच. मंडळाला दोन्ही आकडे दाखवा. खरा आकडा यांच्या दरम्यान कुठेतरी आहे असं सांगितल्याने तुमच्यावरचा विश्वास वाढतो.

आता सिझेरियन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ५ (२०१९-२१) नुसार देशात खासगी रुग्णालयांतल्या ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, सरकारी रुग्णालयांतल्या १४.३ टक्के. हा फरक पाहून एकूण टक्केवारीवर लक्ष्य ठरवण्याचा मोह होतो. तो आवरा. नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावकडे सिझेरियनचा दर कमी असतो, याचं मोठं कारण वेळेवर पोचता न येणं हे आहे. तो कमी दर चांगल्या सेवेची खूण धरू नका. आणि रेफर होऊन आलेल्या अडलेल्या बाळंतिणी घेणाऱ्या रुग्णालयाचा दर जास्त असणारच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ पासून सुचवलेलं रॉबसन वर्गीकरण वापरा: १० गट, सहा गोष्टींवरून. आधीच्या प्रसूती, आधीचं सिझेर, गर्भांची संख्या, बाळाची स्थिती, पूर्ण झालेले आठवडे, आणि कळा आपोआप आल्या की आणल्या की कळांआधीच ऑपरेशन. प्रसूती रजिस्टरमध्ये पहिल्या पाच गोष्टी असतात. सहावी नसते, तिचा रकाना वाढवावा लागतो.

तक्ता भरला की आधी नववा गट बघा, म्हणजे आडवं बाळ. तो एकूण प्रसूतींच्या १ टक्क्याच्या आत असावा आणि त्यात सिझेरियन १०० टक्के. तसं नसेल तर नोंदी चुकल्या आहेत. पुढचं काही वाचू नका. नोंदी ठीक असतील तर गट १ आणि २ वर या: पहिलटकरीण, एकच बाळ, डोकं खाली, ३७ आठवडे पूर्ण; पहिल्यात कळा आपोआप आलेल्या, दुसऱ्यात कळा आणलेल्या किंवा कळांआधीच ऑपरेशन झालेलं. पहिल्या गटात १० टक्क्यांच्या आत राहणं शक्य असतं. खासगी रुग्णालयांत फुगवटा बऱ्याचदा दुसऱ्या गटात सापडतो, आणि तिथे पहिलं सिझेर झालेली स्त्री पुढच्या खेपेला पाचव्या गटात जाते. काम करायचं ते कळा आणण्याच्या निर्णयावर. पाचव्या गटावर सुरुवातीला जोर देऊ नका. रात्री भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय नसेल तर जुन्या टाक्यांवर नैसर्गिक प्रसूतीचा आग्रह धोक्याचा आहे.

कमी करण्याकडे येऊ. आकडे दाखवणं एवढ्याने फार होत नाही. डॉक्टरांना त्यांचेच आकडे दाखवण्याच्या (फीडबॅकच्या) १४० चाचण्यांचा कॉक्रेन या संशोधन-आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये आढावा घेतला, त्यात सुधारणेचा मध्यक ४.३ टक्के बिंदू निघाला. म्हणून फीडबॅक द्या, पण मुख्य बदल कागदात करा. मोतीबिंदूचा छापील अ‍ॅडमिशन कागद काढा. त्यात ईसीजी, एक्स-रे, पीटी आधीच टिक करून छापलेले असतील. ते छापणं बंद करा आणि हवं असल्यास हाताने लिहून कारण देण्याची एक ओळ ठेवा. ऑपरेशननंतरच्या ऑर्डरवर अँटिबायोटिकपुढे ‘बंद, तारीख-वेळ’ हे आधीच छापा. चालू ठेवायचं तर सर्जनने कारण लिहून सही करायची. सेफाझोलिन ओटीच्या कपाटात कायम हवं. ते मेडिकलमधून मागवावं लागलं की वेळ टळते आणि पुन्हा सेफ्ट्रियाक्सोन सुरू होतं. सलाईनसाठी ओआरएस, पेला आणि बसायला जागा ओपीडीतच द्या, आणि अहिराणीत किंवा पावरीत (सातपुड्यातल्या आदिवासी बोलीत) दोन मिनिटं नीट समजावू शकणारी सिस्टर तिथे नेमा. रुग्णाला ‘काहीच दिलं नाही’ असं वाटून तो समोरच्या दवाखान्यात गेला तर सलाईन लागतेच, फक्त तुमच्या नोंदीत दिसत नाही.

तपासण्यांच्या उत्पन्नात कुणा डॉक्टरचा टक्का असेल तर तो आधी बंद करा. कमिशन घेणं-देणं वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार निषिद्ध आहेच. तो टक्का चालू ठेवून कोणताही फीडबॅक लागू पडत नाही.

फीडबॅकचा कागद महिन्याला एकच, एका पानाचा. डॉक्टरला स्वतःचा आकडा आणि विभागाची सरासरी दिसावी, इतरांची नावं नकोत. २० पेक्षा कमी केसेस असतील तर तीन महिने एकत्र करा. चढ-उतार वाचताना घाई नको: महिन्याला ६० ऑपरेशनं आणि सरासरी ४० टक्के असेल तर नुसत्या योगायोगाने आकडा २१ ते ५९ च्या दरम्यान हलू शकतो. (४० टक्के गुणिले उरलेले ६० टक्के, भागिले केसेसची संख्या, त्याचं वर्गमूळ, ते तिप्पट करून सरासरीच्या दोन्ही बाजूंना.) आलेखात मध्यकाच्या एकाच बाजूला सलग सहा बिंदू पडले तर बदल खरा समजा.

प्रत्येक मोजमापाला एक राखणदार आकडा जोडा, म्हणजे उपचार कमी केल्याने रुग्णाचं नुकसान तर होत नाही ना, हे दाखवणारा. अँटिबायोटिकला जखमेचा संसर्ग, ३० दिवसांपर्यंत, जाळी बसवली असेल तर ९० दिवस. सातव्या, चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी फोन, आणि सातपुड्यात रेंज नसेल तिथे आशाताईंमार्फत जखमेचा फोटो. सलाईनला ४८ तासांत परत आलेले आणि दाखल झालेले. पहिलटकरणींच्या सिझेरियनला एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) गेलेली बाळं. आधारपातळी काढताना या आकड्यांचीही काढून ठेवा. नाहीतर बदलानंतर एक जखम चिघळली की दोष त्यालाच लागतो, आणि आधी किती चिघळत होत्या हे सांगायला काही हाती नसतं. विश्लेषणाच्या फाइलीत नावं आणि फोन ठेवू नका. कोणता क्रमांक कोणाचा ही यादी एकाच व्यक्तीकडे, वेगळ्या फाइलीत.

सहा महिन्यांनी पुन्हा ३० केस पेपर काढून वाचा, विशेषतः आकडा चांगला उतरला असेल तर. सलाईनच्या शिक्क्यावर ‘उलट्या’ भरणाऱ्यांचं प्रमाण अचानक वाढलं असेल, ऑपरेशननंतरच्या अँटिबायोटिकसमोर ‘संसर्गाची शंका’ सर्रास लिहिलं जात असेल, किंवा ईसीजी ३० दिवसांऐवजी ३५ व्या दिवशी होऊ लागला असेल, तर उपचार बदललेले नाहीत, नोंद बदलली आहे. अशा वेळी व्याख्या आणखी घट्ट करत बसू नका. त्या विभागातल्या डॉक्टरांना आणि इन्चार्ज सिस्टरला ते ३० कागद समोर ठेवून विचारा, की थांबवताना नेमकी भीती कशाची वाटते. बहुतेक वेळा उत्तर एखाद्या जुन्या केसचं असतं, किंवा रात्री फोन न उचलणाऱ्या सीनियरचं, आणि पुढचा बदल तिथे करायचा असतो.